फुटबॉल मॅनेजरमध्ये नवी टॅक्टिक कशी तपासावी

फुटबॉल मॅनेजर या संघ चालवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये नवी टॅक्टिक, म्हणजे संघाच्या खेळाची आखणी, लावली आणि पहिले तीन सामने जिंकले, की ती जमली असं वाटतं. पुढचे दोन हरलो, की तीच मोडीत निघते. दोन्ही निर्णयांचा आधार फार तोकडा असतो. मोठ्या लीगमध्ये दोन्ही संघांचे मिळून सामन्याला सरासरी पावणेतीनच्या आसपास गोल होतात. इतक्या कमी गोलांच्या खेळात चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, एवढ्यावर सामना फिरतो. म्हणून ‘जिंकलो का?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी विचारायचं, की मला जे घडवायचं होतं ते मैदानावर घडलं का? आणि घडलं असेल, तर त्यातून चांगल्या संधी मिळाल्या का? खालच्या पायऱ्या याच क्रमानं लावल्या आहेत.

१. हेतू लिहून काढा

‘संघ जास्त आक्रमक व्हावा’ हा हेतू तपासता येत नाही, कारण काय दिसलं म्हणजे तो साधला हेच त्यात नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘चेंडू आपल्याकडे असताना उजव्या फुल-बॅकनं (कडेच्या बचावपटूनं) आत, मिडफिल्डमध्ये यावं. त्यामुळे उजव्या विंगरला (कडेच्या आक्रमकाला) कडेला मोकळी जागा मिळावी आणि समोर एकच बचावपटू असताना त्याच्याकडे चेंडू पोचावा.’ हे डोळ्यांनी बघता येतं, आकड्यांतही शोधता येतं. हेच उदाहरण आपण शेवटपर्यंत वापरू.

त्याखाली बदलाची किंमत लिहा. बॅक आत आला की त्याची जागा रिकामी होते, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा काउंटर (चेंडू हिसकावून केलेला झटपट हल्ला) त्या बाजूनं येणार. किती काउंटर चालवून घ्यायचे, हे आधीच ठरवा. तिसरी ओळ निर्णयाची: किती सामन्यांनंतर निकाल लावायचा. ही ओळ सुरुवातीलाच लिहिली नाही, तर एक वाईट पराभव ती तुमच्यासाठी लिहून टाकतो.

२. जुन्या टॅक्टिकचा पाया मोजा, मग एकच गोष्ट बदला

नवी टॅक्टिक कशापेक्षा चांगली आहे, हे कळायला जुनीचे आकडे हवेत. मागच्या दहा-पंधरा सामन्यांतला आपला आणि विरोधी संघाचा एक्सजी (xG, म्हणजे मिळालेल्या संधींच्या दर्जावरून अपेक्षित गोल), शॉट्स, आणि गोल कोणत्या बाजूनं खाल्ले, एवढं टिपून ठेवा. मग जुन्या टॅक्टिकची प्रत दुसऱ्या स्लॉटमध्ये घ्या आणि बदल त्या प्रतीत करा. फुटबॉल मॅनेजरमध्ये एका वेळी तीन टॅक्टिक ठेवता येतात. पण सरावाचं लक्ष त्यांच्यात वाटलं जातं, त्यामुळे चाचणीच्या काळात तिसरा स्लॉट रिकामा ठेवलेला बरा.

एका वेळी एकच बदल. फुल-बॅकची भूमिका बदलली, तर त्याच दिवशी बचावाची रेषा वर नेऊ नका, मेंटॅलिटी (संघाचा एकूण आक्रमकपणा) ‘पॉझिटिव्ह’वरून ‘अटॅकिंग’वर नेऊ नका. गेममध्ये तयार मिळणारी गेगेनप्रेस किंवा टिकी-टाका शैली निवडून जुन्या टॅक्टिकशी तुलना करणं माझ्या मते चाचणी नव्हेच. त्यात डझनभर सूचना एकदम बदलतात आणि कोणती कामाला आली हे कधीच कळत नाही.

खऱ्या फुटबॉलमध्येही हा गुंता सुटत नाही. २४ सप्टेंबर २०१६ ला आर्सेनलविरुद्ध चेल्सी ३-० नं मागे असताना चेल्सीचे प्रशिक्षक अंतोनियो कोंते यांनी तीन बचावपटूंची रचना लावली. तो सामना चेल्सी हरली, पण पुढचे सलग १३ लीग सामने जिंकून अखेर ९३ गुणांनी विजेतेपद मिळवलं. सगळं श्रेय त्या ३-४-३ रचनेला दिलं जातं. पण आदल्या सीझनला दहावं आल्यामुळे चेल्सीला त्या वर्षी युरोपीय स्पर्धा नव्हत्या, आठवड्याच्या मधले दिवस विश्रांतीला आणि सरावाला मोकळे होते. मिडफिल्डर एन्गोलो कांतेही त्याच उन्हाळ्यात आला होता. कशाचा वाटा किती, हे तिथे वेगळं काढता येत नाही. गेममध्ये मात्र येतं, आणि ती सोय वाया घालवू नये.

एक अपवाद आहे. फुटबॉल मॅनेजर २६ पासून चेंडू आपल्याकडे असतानाची आणि नसतानाची रचना वेगवेगळी लावता येते. तिथे एका रचनेतला बदल दुसरीत ओढाताण करत असेल, तर ती जोडी मिळून एक बदल धरा. खेळाडूला एका रचनेतून दुसरीत जायला किती अंतर धावावं लागतं, तेही बघा.

३. खेळाडू ते करू शकतात का?

हे पटकन उरकता येतं. गेममध्ये प्रत्येक खेळाडूच्या गुणांना आकडे दिलेले असतात; आत येणाऱ्या बॅकला त्यांतले पासिंग, फर्स्ट टच, कम्पोजर आणि डिसिजन्स चांगले हवेत. नुसता धावणारा आणि क्रॉस टाकणारा बॅक तिथे चेंडू गमावतो. बचावाची रेषा वर न्यायची तर सेंटर-बॅकचे पेस आणि ॲक्सेलरेशन बघा. सतत प्रेसिंगसाठी (चेंडूवाल्यावर धावून दबाव टाकण्यासाठी) स्टॅमिना आणि वर्क रेट लागतात. खेळाडूच बसत नसतील, तर त्या चाचणीतून टॅक्टिकबद्दल काहीच कळणार नाही.

४. सराव होऊ द्या

नवी भूमिका संघाच्या अंगवळणी पडेपर्यंतचे सामने निकालात धरू नका. टॅक्टिकल फॅमिलिॲरिटीच्या (संघाला टॅक्टिक किती सवयीची झाली ते दाखवणाऱ्या) पट्ट्या भरत आल्या की मगच मोजणी सुरू. म्हणून नव्या टॅक्टिकला प्री-सीझनचा काळ सगळ्यात सोयीचा. मैत्रीपूर्ण सामने ठरवताना एक दुबळा, एक बरोबरीचा आणि एक आपल्यापेक्षा वरचढ प्रतिस्पर्धी ठेवा. दुबळ्या संघाविरुद्ध सहा-शून्य झालं तरी ते आकडे पायाशी जोडू नका. तो सामना फक्त खेळाडू ठरलेल्या जागी जातात की नाही, हे बघण्यासाठी. बरोबरीच्या संघाविरुद्ध मात्र पूर्ण लक्ष द्या.

५. सामना नीट बघा

बहुतेक जण सामना ‘की हायलाइट्स’वर बघतात. हायलाइटमध्ये फक्त शॉटपर्यंत पोचलेल्या चाली दिसतात. ज्या चाली मधेच मेल्या त्या दिसत नाहीत, आणि टॅक्टिकचं दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं. निदान एका सामन्याची पहिली वीस मिनिटं ‘फुल मॅच’वर बघा. चेंडूमागे नजर नेऊ नका, ज्याची भूमिका बदलली त्याच्यावर ठेवा. सामना थांबवत, मागे घेत चार प्रसंग तपासा.

गोलकीपरकडे चेंडू असताना: बॅक आत आलाय का, की कडेलाच उभा आहे? आत आला असेल तर तो आधीच्या मिडफिल्डरच्या डोक्यावर तर उभा नाही ना? दोघं एकाच चौकोनात असतील तर प्रतिस्पर्ध्याचा एकच माणूस दोघांना अडवतो आणि बदलाचा फायदा तिथेच संपतो. अशा वेळी दोष बहुधा बॅकचा नसतो, शेजारच्या मिडफिल्डरची भूमिका आडवी येत असते.

प्रतिस्पर्ध्याच्या हाफमध्ये चाल रचताना: विंगर खरंच कडेला थांबतो, की सवयीनं आत घुसतो? आत घुसणारा विंगर आणि आत येणारा बॅक एकत्र लावले की उजवी कड ओस पडते. रचनेच्या चित्रात हे लक्षात येत नाही, मैदानावर लगेच दिसतं.

चेंडू गमावला त्या क्षणी: मागे किती जण आहेत आणि कुठे आहेत, ते मोजा. पहिल्या पायरीत लिहिलेली किंमत इथे वसूल होते. उजव्या सेंटर-बॅकला कडेपर्यंत ओढत नेणारा एक लांब पास पुरतो. गोल झाला नाही म्हणून हा प्रसंग सोडून देऊ नका. तो पास किती वेळा आला तेवढं टिपा.

चेंडू त्यांच्याकडे स्थिरावल्यावर: बॅक आपल्या जागी वेळेत परतला का? दमलेला खेळाडू साठाव्या मिनिटानंतर उशिरा परततो. म्हणून शेवटची वीस मिनिटंही एकदा पूर्ण बघा.

सामन्यानंतर खेळाडूंच्या सरासरी जागांचा नकाशा उघडा. चेंडू असतानाचा आणि नसतानाचा, दोन्ही. डोळ्यांना जे वाटलं त्याची इथे खातरजमा होते. हेतू इथपर्यंत दिसलाच नसेल, तर पुढच्या आकड्यांकडे जाण्यात अर्थ नाही. तीन-एक जिंकला असलात तरी परत दुसऱ्या पायरीवर या, कारण तो विजय नव्या टॅक्टिकनं दिलेला नाही.

६. आकडे वाचताना

गोलांपेक्षा एक्सजी बघा आणि एकूण एक्सजीपेक्षा तो कशातून आला ते बघा. ०.०५ एक्सजीचे वीस शॉट आणि ०.२५ चे चार शॉट, बेरीज दोन्हीकडे १ च. पहिल्या संघाला बॉक्सच्या बाहेरून मारत राहावं लागलंय. दुसऱ्यानं बचाव फोडलाय. पेनल्टी वेगळी काढा, कारण एकट्या पेनल्टीचा एक्सजी पाऊण गोलाच्या आसपास असतो आणि ती ओपन प्लेच्या (चालू खेळातल्या संधींच्या) खात्यात धरली तर सगळा हिशेब बिघडतो. कॉर्नरवरचे गोलही बाजूला ठेवा, सेट-पीसची (कॉर्नर, फ्री-किक अशा थांबलेल्या चेंडूची) आखणी वेगळी असते. रेड कार्डचे सामने वेगळ्या रकान्यात टाका.

मग आपल्या उदाहरणाचे दोन खास आकडे: उजव्या बाजूनं तयार झालेल्या संधी वाढल्या का, आणि विरोधी संघाच्या संधी आपल्या त्याच बाजूनं वाढल्या का? खाल्लेले गोल पंधरा-पंधरा मिनिटांच्या गटांत मांडून बघा. शेवटच्या गटात गर्दी असेल तर प्रश्न रचनेचा नाही, दमाचा आहे.

७. किती सामने पुरेसे?

थोडं गणित इथे फार कामी येतं. एका सामन्यात ३, १ किंवा ० गुण मिळतात. साधारण मध्यम-चांगल्या संघासाठी या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे नशिबाचा नेहमीचा चढउतार, सामन्याला १.३ च्या आसपास येतो. सामने वाढले की एकूण चढउतार त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. दहा सामन्यांत तो सुमारे ४ गुण होतो, ३८ सामन्यांच्या पूर्ण सीझनमध्ये सुमारे ८. म्हणजे तोच संघ, तीच टॅक्टिक, एकदा ५८ गुण आणि एकदा ६६, यात नवल काहीच नाही. मग दहा सामन्यांत तीन गुण जास्त आले म्हणून टॅक्टिक चांगली कशी ठरवणार?

पटत नसेल तर सेव्हची (साठवलेल्या गेमची) प्रत करा आणि जुन्याच टॅक्टिकनं तोच एक सामना पुन्हा पुन्हा खेळा. विजय, बरोबरी, पराभव, तिन्ही दिसतील.

एक्सजीमध्ये हा चढउतार गोलांपेक्षा आणि गुणांपेक्षा कमी असतो, म्हणून थोड्या सामन्यांत तोच वापरायचा. दहा-बारा सामन्यांत आपला आणि विरोधी संघाचा एक्सजी यांतला फरक पायापेक्षा ठळक सुधारला, आणि मैदानावर हेतूही दिसला, तर पुढे जायला हरकत नाही. प्रतिस्पर्ध्यांची यादीही तपासा. घरचे सामने जास्त आणि प्रतिस्पर्धी दुबळे असतील तर ती सुधारणा वेळापत्रकाची आहे.

८. हवं तर: सुट्टीवर जाऊन मोठी चाचणी

ज्यांना गुणांमधूनच उत्तर हवं आहे त्यांच्यासाठी हा मार्ग. सीझनच्या सुरुवातीचा एक सेव्ह वेगळा ठेवा. मॅनेजरला सुट्टीवर पाठवा, शक्यतो सध्याचीच टॅक्टिक वापरण्याची सूचना द्या, खेळाडूंची खरेदी-विक्री बंद ठेवा आणि सीझन संपू द्या. तोच सेव्ह पुन्हा उघडून जुन्या टॅक्टिकचे पाच सीझन, नव्याचे पाच सीझन काढा. पाच सीझनच्या सरासरीचा चढउतार साडेतीन गुणांच्या आसपास उरतो, दोन सरासरींमधल्या फरकाचा सुमारे ५. म्हणून ४ गुणांचा फरक सोडून द्या. १० च्या पुढचा असेल तर तो खरा मानायला जागा आहे.

या पद्धतीत तुम्ही सामन्यादरम्यान केलेले बदल मोजले जात नाहीत. सामना बघून हाताळणाऱ्यासाठी हे अर्धंच चित्र आहे. मी स्वतः पाचव्या पायरीवर जास्त विसंबतो.

९. निर्णय

ठरवलेले सामने झाले की तीनपैकी एक करा. हेतू दिसला आणि संधी सुधारल्या: टॅक्टिक ठेवा. हेतू दिसला पण किंमत जास्त पडली: आणखी एकच बदल करा, जसं की त्या बाजूच्या मिडफिल्डरला मागे थांबवणं, आणि चौथ्या पायरीपासून पुन्हा. हेतूच दिसला नाही आणि भूमिका बदलूनही दिसत नाही: फाइल साठवून ठेवा, नावात कारण लिहा, ‘उजवा विंगर आत घुसतो’ असं. नवा विंगर आला की ती पुन्हा उघडता येते.

ठेवलेल्या टॅक्टिकवरही नजर हवी. संघ गुणतक्त्यात वर गेला की प्रतिस्पर्धी सावध होतात, मागे गर्दी करून बसतात, आणि ज्या मोकळ्या जागेवर विंगर जगत होता तीच आटते. टॅक्टिक ‘बिघडली’ असं वाटतं तेव्हा आधी समोरच्या संघाची बचावाची रेषा कुठे आहे ते बघा. खरेदी-विक्रीच्या काळानंतर आणि गेमचं मोठं अपडेट आल्यावर जुना पाया रद्द धरून आकडे नव्यानं मोजायला घ्या.