स्वतःची गाडी न नेता कोल्हापूरच्या डोंगरदऱ्यांत कसे फिरावे

डोंगरात स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्याला एक बंधन असते आणि सवयीमुळे ते त्याच्या लक्षातही येत नाही. जिथे गाडी उभी केली तिथेच त्याला परत यावे लागते. त्यामुळे तो डोंगर चढतो आणि त्याच वाटेने उतरतो, पण डोंगर ओलांडून पलीकडे जाणे त्याला सहसा जमत नाही. एसटीने गेलेला माणूस एका गावात उतरून दुसऱ्या गावात गाडी पकडू शकतो, आणि कोल्हापूरच्या पश्चिमेला सह्याद्रीची जी रांग पन्हाळ्यापासून पारगडापर्यंत पसरली आहे, तिच्यात फिरण्यासाठी ही मोकळीक फार मोलाची आहे. तिच्या बदल्यात वेळेचे गणित मात्र आधी चोख मांडावे लागते.

हे गणित नेहमी उलटे मांडावे. सकाळी किती वाजता निघायचे हा प्रश्न नंतरचा असून संध्याकाळी ज्या गावात उतरणार आहोत तिथून परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे आधी निश्चित करावे. त्या वेळेतून एक तास राखीव म्हणून वजा करावा, उरलेल्या वेळेत डोंगरवाटेवर ताशी तीन किलोमीटरच्या हिशेबाने आणि चढासाठी वेगळी सवड ठेवून किती चालणे होईल ते पाहावे, आणि मग सकाळची गाडी ठरवावी. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीच्या वाटेवर त्याच्या अर्धा तास आधीच अंधारून येते, हेही ध्यानात ठेवावे. हिशेबात सकाळची गाडी बसत नसेल, तर झपाझप चालून वेळ भरून काढू असे मनाशी म्हणू नये. बेत लहान करावा किंवा आदल्या दिवशी मुक्कामाला जावे.

शेवटच्या गाडीची खात्रीशीर माहिती मिळवण्यासाठी एसटीचा कारभार कसा चालतो हे थोडे ठाऊक असावे लागते. कोल्हापूर विभागात बारा आगारे आहेत आणि आडगावांच्या फेऱ्या बहुतेक त्या त्या तालुक्याच्या आगाराकडून चालतात. रांगणा किल्ल्याच्या वाटेवरच्या भटवाडीची गाडी गारगोटी आगाराची असेल, तर तिची आजची स्थिती कोल्हापूरच्या चौकशी खिडकीपेक्षा गारगोटीच्या वाहतूक नियंत्रकाला अधिक नेमकी माहीत असते. त्यामुळे तालुक्याच्या स्थानकावर गाडी बदलताना तिथल्या नियंत्रकाला परतीच्या फेरीविषयी विचारावे, आणि शेवटच्या गावात उतरल्यावर किराणा दुकानदाराला तोच प्रश्न पुन्हा विचारावा. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर दुकानदाराचे उत्तर खरे मानावे, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

आडगावांना जाणाऱ्या फेऱ्या पर्यटकांसाठी आखलेल्या नसतात. त्या शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी, आठवडी बाजारासाठी आणि तालुक्याला कचेरीच्या कामाला जाणाऱ्यांसाठी असतात. यातून निघणारी गोष्ट नवख्यांना नेहमी चकवते, ती म्हणजे ज्या रविवारी आपल्याला सुट्टी असते त्याच रविवारी शाळेच्या वेळेची गाडी रद्द असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतही हेच घडते. आषाढीला पंढरपूरकडे, गणपतीला कोकणाकडे आणि चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेकडे जादा गाड्या सोडल्या जातात, तेव्हा खेड्यांच्या फेऱ्यांना कात्री लागते. शनिवारी किंवा एखाद्या कामाच्या दिवशी रजा काढून जाता आले तर उत्तम. ज्या गावी जायचे तिथला किंवा वाटेवरच्या मोठ्या गावचा बाजाराचा दिवस साधला, तर त्याहून चांगले.

मुक्कामी गाडी ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत उपयोगी गाडी होय. ती संध्याकाळी उशिरा शेवटच्या गावात पोहोचते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे ती शहराकडे परत फिरते. दिवसभराच्या भटकंतीसाठी ती उलट्या दिशेची ठरते, पण मुक्कामाच्या बेतासाठी तिच्यासारखी दुसरी सोय नाही.

गावांची नावे विचारताना काळजी घ्यावी. कोल्हापुरात नुसते ‘बावडा’ म्हटले तर कोणीही कसबा बावडा समजतो आणि तुम्हाला केएमटीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, बसकडे बोट दाखवतो, म्हणून ‘गगनबावडा’ असे पूर्ण नाव घ्यावे. मलकापूरचेही तसेच आहे. शाहूवाडी तालुक्यातले मलकापूर आपल्याला हवे असते, पण त्याच नावाचे एक गाव कराडजवळ आहे आणि एक थेट बुलढाणा जिल्ह्यात. शिवाय सर्व गाड्या मध्यवर्ती बसस्थानकातून सुटत नाहीत. काही रंकाळा आणि संभाजीनगर स्थानकांतून सुटतात, म्हणून कुठे उभे राहायचे हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.

पहिल्या खेपेला जोतिबा ते पन्हाळा ही वाट निवडावी. वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, कोल्हापूरहून गाड्यांचा तोटा नसतो, आणि रविवार हा जोतिबाचा वार असल्यामुळे खेड्यांच्या फेऱ्या कमी होतात त्या दिवशीही इथे गाड्या मिळतात. दर्शन घेऊन दानेवाडीच्या बाजूने उतरत वाघबीळला यावे आणि तिथून पन्हाळ्याची चढण धरावी. सगळे मिळून दहा-बारा किलोमीटर चालणे होते. यातला बराचसा भाग डांबरी रस्त्याच्या कडेने आहे हे मान्य करावे लागेल, आणि ज्याला निव्वळ पायवाटच हवी त्याला ही वाट फिकी वाटेल. तरीही तिची शिफारस करण्याचे कारण वाघबीळ हे आहे. ते कोल्हापूर-रत्नागिरी महामार्गावरच असल्यामुळे पाय दुखावला, पाऊस आला किंवा उशीर झाला, तर तिथूनच गाडी धरून परत येता येते. प्रत्येक बेतात अशी एक मधली सुटका असावी. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या फाट्यावर थांबतीलच असे मात्र नाही, त्यामुळे भरवसा साध्या गाडीवरच ठेवावा. पन्हाळ्यावर पोहोचल्यावर तीन दरवाजा, अंबरखाना आणि सज्जा कोठी पाहण्याइतका वेळ उरला पाहिजे. 2025 साली युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्यातील जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत पन्हाळा आहे, आणि एवढे चालून आल्यावर त्याला अर्ध्या तासात उरकणे बरे नव्हे.

ही वाट जमली की पुढच्या खेपेला पन्हाळ्यापासून सुरुवात करून पश्चिमेला म्हाळुंग्याच्या बाजूने मसाई पठारावर जावे. जांभ्या दगडाचा हा सडा पावसाळ्याच्या अखेरीस रानफुलांनी भरतो. धुके उतरले की मात्र चारही दिशा सारख्या दिसू लागतात, म्हणून मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि चढलेली वाट मागे वळून नीट पाहून ठेवावी. परतीला पुन्हा पन्हाळाच गाठावा, कारण संध्याकाळच्या गाड्यांची खात्री तिथेच अधिक असते. याच पठारावरून पुढे कुंभारवाडी, करपेवाडी, आंबर्डे, पाटेवाडी अशा वाड्या-वस्त्यांतून पांढरपाणी आणि पावनखिंडीकडे जाणारी वाट आहे. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज 1660 सालच्या जुलै महिन्यात याच मुलखातून विशाळगडाकडे गेले. हे अंतर पन्नास किलोमीटरच्या वर भरत असल्याने दोन दिवस आणि वाटेत एक मुक्काम धरावा. जुलैत अनेक संस्थांच्या मोहिमा इथे निघतात आणि त्यांच्याबरोबर जाणे नवख्याला सोपे पडते. शेवटी मलकापूरमार्गे परतता येते. स्वतःची गाडी पन्हाळ्यावर ठेवलेल्या माणसाला मात्र ती आणायला पुन्हा उलटा प्रवास करावा लागतो.

घाटमाथा पाहायचा असेल, पण फार चालायचे नसेल, तर गगनबावडा सोयीचा आहे. कोल्हापूरपासून सुमारे 55 किलोमीटरवरचे हे गाव सह्याद्रीच्या ऐन काठावर वसले आहे आणि करूळ व भुईबावडा हे दोन घाट तिथूनच कोकणात उतरतात. स्थानकावर उतरल्यावर गगनगडाचा सुळका समोर दिसतो आणि चालत वर जाऊन अर्ध्या दिवसात परत येता येते. उरलेल्या वेळात पळसंब्याची रामलिंग ही कातळात कोरलेली मंदिरे पाहावीत. घाटरस्त्याने पायी उतरण्याचा मोह मात्र टाळावा, कारण वळणांवर वाहनांना पायी माणूस दिसत नाही आणि पावसाळ्यात दरडी सुटतात.

पावसाळ्याविषयी आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका मानली जाते, हे कोल्हापुरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. भटक्याने तो आकडा पुराच्या बातमीपुरता न ठेवता आपल्या बेतातही धरावा. पातळी इशाऱ्याकडे सरकू लागली की गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकली, लोंघे, किरवे इथे आणि रत्नागिरीच्या रस्त्यावर केर्लीजवळ पाणी येण्याची भीती असते. सकाळी गेलेली गाडी संध्याकाळी परत येणार नाही, असे तेव्हा घडू शकते. 2021 च्या जुलैत पन्हाळ्यावर चढणारा मुख्य रस्ताच खचला होता. धरणक्षेत्रात सलग दोन दिवस मुसळधार पाऊस असेल, तर पूर्वेकडे जावे. कोल्हापूर-मिरज रेल्वेने हातकणंगल्याला उतरून आळत्याच्या रामलिंगाकडचा डोंगर फिरता येतो. तो उंच नाही, पण हिरवागार असतो आणि रेल्वेचा मार्ग सहसा चालू असतो.

राधानगरी-दाजीपूरला एसटीने जाता येते, पण तिथले जंगल हे अभयारण्य असल्यामुळे मनमानेल तसे पायी फिरता येत नाही. वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. गवा त्या हद्दीबाहेरही भेटतो. एकटा नर वाटेत दिसला, तर थांबून मागे सरावे आणि त्याला जायला जागा द्यावी. फोटोसाठी पुढे जाऊ नये.

एसटी चुकली तर वडाप, म्हणजे खासगी प्रवासी जीप, आहे. फाट्यावर उभ्या असलेल्या जीपमध्ये दाटीवाटीने बसण्याची तयारी असावी, आणि ती भरल्याशिवाय सुटत नाही हे गृहीत धरून वेळ मोजावी. अंधार पडल्यावर वडापही नसते. एकदा शेवटची फेरी दहा मिनिटांनी हुकल्यावर आम्हाला दूध संकलनाच्या टेम्पोवाल्याने कॅनांच्या मधोमध बसवून फाट्यापर्यंत आणले होते, पण त्या उपकारावर पुढचे बेत आखता येत नाहीत. काहीच मिळाले नाही तर रात्री रस्त्याने चालत न राहता गावातच थांबावे, पोलीस पाटलाला किंवा सरपंचांना सांगून देवळात पथारी टाकावी आणि पहाटेच्या मुक्कामी गाडीने निघावे. पिशवीत विजेरी, एक जादा जेवण आणि सुट्टे पैसे असावेत. घाटात मोबाइलला रेंज नसली की डिजिटल पैशांचा उपयोग होत नाही. महिलांना 17 मार्च 2023 पासून एसटीत अर्धे तिकीट आहे आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, तेव्हा वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

एवढे अंगवळणी पडल्यावर रांगणा किल्ल्याला जावे. कोल्हापूरहून गारगोटी, गारगोटीहून पाटगाव असा प्रवास दुपारनंतर करून पाटगावात मुक्काम करावा. शिवाजी महाराजांनी दक्षिणेच्या मोहिमेपूर्वी ज्यांची भेट घेतल्याचे सांगितले जाते, त्या मौनी महाराजांचा मठ याच गावात आहे. सकाळी लवकर भटवाडी गाठून चिक्केवाडीमार्गे जंगलातून किल्ल्यावर चढावे. इथपर्यंत गाडीवाला आणि आपण सारखेच. पण त्याला आता मागे वळावे लागते, तर आपण किल्ला पाहून कोकणच्या बाजूला नारूरकडे उतरू शकतो. ही उतरण दाट रानातली आहे आणि वाटा फुटतात, म्हणून चिक्केवाडीतला किंवा पाटगावातला माहीतगार बरोबर घ्यावा, त्याचा मोबदला निघण्यापूर्वी ठरवावा आणि त्याच्या परतीची सोयही विचारून घ्यावी. नारूरहून कुडाळकडे जाणाऱ्या गाडीची वेळ मात्र कोल्हापूर सोडण्यापूर्वीच कुडाळ आगारात फोन करून विचारावी. ती दुपारची असेल, तर किल्ल्यावरून किती वाजता पाय काढायचा हे तीच ठरवते.