नरलांडग्याची भीती खेळात परत कशी आणली

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी दर शनिवारी रात्री भूमिकाखेळाची, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन फासे टाकत कथा पुढे नेण्याच्या खेळाची, बैठक बसते आणि कथा रचून खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरची जबाबदारी माझ्याकडे असते. पहिल्यांदा मी नरलांडगा, म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस, आणला, तेव्हा तो थेट जंगलातून धावून आला आणि खेळाडूंनी चांदीचा मुलामा दिलेल्या तलवारींनी त्याला काही फेऱ्यांतच संपवले. कोणीही घाबरले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या आमच्या भूमिकाखेळाच्या २०१४ च्या नियमांत साध्या शस्त्रांचा नरलांडग्यावर परिणाम होत नाही, पण चांदीचा होतो. म्हणजे चांदी सहज मिळाली की तो केवळ एक मोठा लांडगा उरतो. म्हणून पुढच्या कथेत गावातली सगळी चांदी मी एका सुइणीच्या पैंजणांपुरतीच ठेवली, आणि नरलांडग्याचा चावा बसून त्याचा शाप जडलेली व्यक्तीही तीच, जिने आधीच्या तीन बैठकांत खेळाडूंच्या जखमा बांधल्या होत्या.

शिवाय गावाचे पंचांग मी खेळाडूंच्या हाती दिले. पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवसांनी येते, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. त्यामुळे प्रत्येक तिथीला खेळाडू स्वतःच दिवस मोजू लागले. चाव्याने जडलेला शाप मंत्राने उतरतो, पण जन्मजात शाप उतरवायला फार मोठी जादू लागते, हा नियमातला भेद मी मुद्दाम लपवून ठेवला.

त्रयोदशीला सुइणीने आपले पैंजण स्वतःहून काढून त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा बराच वेळ कोणीच फासे उचलले नाहीत.