पेटीच्या आधाराने टेक्नोची लय आणि पट्टी कशी जुळवावी

विदर्भातल्या खेड्यांत डीजे म्हटले की वरातीपुढची गाडीच डोळ्यांसमोर येते आणि टेक्नो, म्हणजे यंत्रांवर वाजवलेले सलग ठोक्यांचे नृत्यसंगीत, शिकवणारा सहसा भेटत नाही; परंतु गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात बसून ज्याने पेटी आणि खंजिरी नीट ऐकली आहे, त्याच्या कानाची निम्मी तयारी आधीच झालेली असते, असे माझे ठाम मत आहे.

डीजेचे काम म्हणजे एक ट्रॅक संपण्याआधी दुसरा त्यात बेमालूम मिसळणे, आणि त्यासाठी दोघांची लय व पट्टी जुळावी लागते. प्रथम लय पाहू. टेक्नोची गती बहुधा मिनिटाला १२५ ते १४५ ठोके असते. चालू ट्रॅक स्पीकरवर आणि येणारा ट्रॅक हेडफोनच्या एका कानात ठेवावा, आणि येणाऱ्याचा पहिला ठोका चालू ट्रॅकच्या समेवर सोडावा. जॉग व्हील (ट्रॅक हाताने पुढेमागे सरकवण्याची तबकडी) वारंवार पुढे ढकलावे लागत असेल, तर येणारा ट्रॅक मंद आहे असे समजून पिच फेडरने (गती बदलणाऱ्या सरकत्या दांडीने) त्याची गती किंचित वाढवावी. मागे ओढावे लागत असेल, तर कमी करावी. १३० च्या गतीत मिनिटाला ०.१ ठोक्याचा फरक राहिला, तरी मिनिटभरात दोन किकमध्ये (ढोलासारख्या मुख्य ठोक्यांमध्ये) सुमारे ४६ मिलिसेकंदांचे अंतर पडते आणि एका ठोक्याचे दोन ऐकू येऊ लागतात. दोन ट्रॅकची लय आपोआप जुळवणारे सिंक बटण सुरुवातीला वापरू नये, कारण सॉफ्टवेअरने ठोके चुकीचे मोजले तर ते ओळखणारा कान तोवर तयार झालेला नसतो.

आता पट्टी. कोणत्या पट्ट्या एकमेकींशी जुळतात हे दाखवणाऱ्या कॅमेलॉट चक्रावर १ ते १२ आकडे असतात. त्यांपुढील ‘ए’ म्हणजे मायनर (कोमल गंधाराची स्वरमाला) आणि ‘बी’ म्हणजे मेजर (शुद्ध गंधाराची). ८ए वरून ७ए, ९ए किंवा ८बी वर जावे, हा नियम पुष्कळ जण नुसता पाठ करतात, पण त्याचे कारण पेटीवर बोट ठेवताच कळते. ८ए म्हणजे पांढरी सहाचा मायनर. पांढरी सहाला षड्ज मानले, तर तिचा पंचम पांढरी तीन होतो, आणि तोच ९ए चा षड्ज आहे. तिचा मध्यम पांढरी दोन होतो, आणि तो ७ए चा षड्ज आहे. म्हणजे शेजारचा आकडा हा आपल्या ओळखीचा षड्ज-पंचम भावच होय. ८ए आणि ९ए यांच्या सात स्वरांत एवढाच फरक आहे की पांढरी चारच्या जागी काळी तीन येते, म्हणून दोन्ही ट्रॅक एकत्र वाजले तरी कानाला खुपत नाहीत. ८बी म्हणजे पांढरी एकचा मेजर. त्याचे सातही स्वर ८ए चेच आहेत.

खरी अडचण लय आणि पट्टी एकत्र आल्यावर सुरू होते. की लॉक (गती बदलली तरी सूर जागेवर ठेवणारी सोय) बंद असताना गती सुमारे ६ टक्क्यांनी बदलली, की सूर एका पट्टीने सरकतो. १४० चा ट्रॅक १३२ वर आणला, तर गती ५.७ टक्क्यांनी उतरते आणि काळी पाचचा मायनर, म्हणजे ३ए, जवळजवळ पांढरी सहाचा, म्हणजे ८ए, होऊन बसतो. पडद्यावर मात्र पुष्कळदा जुनाच आकडा दिसत राहतो. ३ टक्क्यांचा बदल सर्वांत वाईट, कारण सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध लटकतो. की लॉक लावल्यास सूर जागेवर राहतो, परंतु मोठ्या बदलात किकची धार बोथट होते. म्हणून दोन ट्रॅकच्या गतीत २ टक्क्यांहून कमी अंतर राहील, अशीच निवड आधी करून ठेवावी.

ज्या ट्रॅकमध्ये केवळ किक आणि हाय-हॅट (झांजेसारखा बारीक ठोका) आहेत, तिथे सॉफ्टवेअरने सांगितलेल्या पट्टीवर विसंबू नये. पेटीवर बोट ठेवून बेसचा सूर स्वतः शोधावा आणि तोच वहीत लिहावा.

प्रत्यक्ष मिश्रणात येणाऱ्या ट्रॅकचा बेस पूर्ण उतरवून तो ३२ ठोक्यांच्या आवर्तनाच्या समेवर सोडावा. दोन आवर्तने, म्हणजे १३० च्या गतीत सुमारे ३० सेकंद, दोघांचे वरचे सूर एकमेकांत मिसळू द्यावेत, आणि पुढच्या समेवर एका हाताने जुना बेस उतरवीत दुसऱ्या हाताने नवा चढवावा.