ठसा मारलेली शिवराई हाती लागली तर

साताऱ्यात आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. जुनी भांडी मोडीत येतात, तेव्हा एखाद्या गडव्याच्या तळाशी चिकटलेली शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, निघते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', आणि मध्ये दोन दांड्या असल्या की दुदांडी. 1848 साली सातारचं राज्य खालसा झालं, तरी ही नाणी बाजारात कित्येक वर्षं चालत राहिली. सुट्या पैशांची टंचाई होतीच.

काही शिवराई नाण्यांवर मूळ अक्षरांच्या डोक्यावरच फूल, चांदणी किंवा एखादं अक्षर खोल ठोकलेलं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, नाणं खराब झालंय. तसं नाही हो! जुन्या नाण्यावर नवा ठसा मारून 'हे आमच्याकडे चालेल' असं सांगायची ती रीत होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इतर मुलुखांतही ती होती.

असं नाणं मिळालं तर आधी धुऊ नका. चिंच-मीठ तर नकोच. आमच्याकडच्या एका पोरानं प्रेमापोटी एक शिवराई चिंचेनं लख्ख केली. ठशाच्या खळग्यातली काळी झाक गेली, आणि ठसा जुना की नवा हे कळायचा मार्गही गेला. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

नाणं खिडकीशी धरा, उजेड तिरका पडू द्या. मग उलटं करा. ठसा मारताना नाणं ऐरणीवर ठेवतात, म्हणून ठशाच्या बरोबर मागची अक्षरं चपटी होतात. हे मी भांड्यावर नाव घालताना रोज बघतो: तांबं दबलं की कडेनं उचलतं आणि मागं सपाट होतं. मागं काहीच खूण नसेल तर शंका घ्या. खळग्यातलं तांबं लालभडक आणि बाकी नाणं काळं असेल, तर ठसा अलीकडचा किंवा नाणं घासलेलं. बारीक बुडबुड्यांची भोकं दिसली तर ते ओतीव नकली समजा.

मग सोनाराच्या काट्यावर वजन करा.

माती फारच असेल तर बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात दोन दिवस भिजवून, बाभळीच्या काट्यानं हलकेच काढा. नीट वाळवा. फिकट हिरवी पूड झडत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. मऊ प्लास्टिकचा अल्बम नको, त्यानं हिरवा चिकटा धरतो. कागदी पाकीट बरं.

शेतात पुरलेला साठा लागला तर गोष्ट वेगळी. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

पाकिटावर पेन्सिलीनं वजन, ठशाचं चित्र आणि नाणं कुठल्या गावच्या कुठल्या भांड्यातून आलं ते लिहा. मी तर गिऱ्हाईक दुकानात उभं असतानाच विचारून घेतो.