गोड्या पाण्यातला मासा मातकट लागतो? मग या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत मासे खाणारे थोडे, आणि नीट करता येणारे त्याहून थोडे. त्यामुळे ओळखीत कुणाचाही रोहू बिघडला की फोन मला येतो. तक्रार ठरलेली असते: "काका, मासा ताजा होता, मसाला घरचा होता, तरी चिखल खाल्ल्यासारखं लागलं." पुढचा प्रश्नही ठरलेला: "कुठला मसाला जास्त घालायला हवा होता?"

कुठलाही नाही. वीस वर्षं हेच सांगतोय, आज लिहूनच टाकतो.

आधी एक घोळ मिटवू. शिळ्या माशाचा वशट वास वेगळा आणि हा मातकटपणा वेगळा. शिळा मासा डोळ्यांवरून, कल्ल्यांवरून ओळखता येतो. मातकट वास मात्र टोपलीत उड्या मारणाऱ्या माशालाही असतो. तळ्यातलं निळं-हिरवं शेवाळ, म्हणजे शास्त्रवाले ज्याला सायनोबॅक्टेरिया म्हणतात ते, आणि गाळातले काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. पहिल्या पावसात मातीला येतो तो वास यातूनच, आणि बीट चिरल्यावर येतो तोही. माणसाचं नाक या बाबतीत फार तिखट. लाख कोटी भाग पाण्यात याचे पाच-दहा भाग असले तरी पुष्कळांना कळतात. हे द्रव्य माशाच्या कल्ल्यांतून रक्तात जातं आणि चरबीत ठाण मांडतं. म्हणून वरून कितीही धुवा, ते आतच असतं. शिजवूनही जात नाही आणि फ्रीजरमध्ये महिनाभर ठेवूनही नाही.

म्हणूनच "तळाशी चिखल खाणारा मासा मातकट लागतो" हे अर्धवट ज्ञान आहे. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या पाण्यात आणि कतला वर. आपल्याकडे तिघांनाही एकाच तलावात वाढवतात आणि पाणी हिरवं झालं की तिघेही मातकट होतात. "भिया, कतला लो, ये ऊपर का मच्छी है" असं सांगणाऱ्या विक्रेत्याला मी मान डोलावतो आणि विचारतो, "कहाँ का है?"

हाच प्रश्न नवशिके विचारत नाहीत. सगळे विचारतात, "ताजा है क्या?" आजवर कोणी नाही म्हणालंय का? मासा कुठल्या पाण्यातला आहे ते विचारा. नर्मदेच्या वाहत्या पाण्यातला, गांधीसागर किंवा इंदिरासागरसारख्या मोठ्या जलाशयातला मासा बहुधा स्वच्छ लागतो. गावाबाहेरच्या डबक्यातला मे महिन्यातला मासा कोणी फुकट दिला तरी मी घेत नाही. पाणी आटलेलं, तापलेलं, वर हिरवी साय धरलेली. 16 जून ते 15 ऑगस्ट मध्यप्रदेशात नद्या आणि जलाशयांतली मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दिवसांत बाजारात येतो तो एकतर लहान तलावांतला किंवा आंध्रातून बर्फात आलेला. आणि लोकांना नेमकी पहिल्या पावसातच माशाची हुक्की येते! भजी तळा की. मी रोहूचे खरे लाड नोव्हेंबर ते फेब्रुवारी करतो.

मोठा मासा म्हणजे चांगला मासा, ही आणखी एक समजूत. मोठ्यात चरबी जास्त, म्हणजे वासाला जागाही जास्त. दीड-दोन किलोचा घ्या.

आता माझी लाडकी चूक. जिवंत मासा आणून रात्रभर टबात ठेवायचा, म्हणजे "तो आतून साफ होतो".

गेल्या उन्हाळ्यात ठाण्याहून भाचा आला होता. त्याने कुठलासा व्हिडिओ पाहिलेला. शनिवारी संध्याकाळी माझ्या नकळत साडेतीन किलोचा जिवंत कतला पिशवीत घालून घरी आणला आणि बाथरूममधल्या निळ्या टबात सोडला. टब असेल साठ लिटरचा. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येतं, त्या दिवशी पाळी होती, म्हणून साहेबांनी टब ताज्या नळाच्या पाण्याने काठोकाठ भरला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते माशाचे कल्ले जाळतं, हे त्या व्हिडिओत नव्हतं. मी म्हटलं, "अरे, आत्ताच साफ करू." तर म्हणे, "मामा, तुम्हाला सगळी घाईच. सकाळी बघा, कसा काचेसारखा होतो."

रात्री साडेतीनला धाडकन आवाज आला. बायकोला वाटलं, गिझर पडला. दिवा लावला तर टब अर्धा रिकामा, फरशीवर पाणी, आणि कतला वॉशिंग मशीनच्या मागे. भाच्याने त्याला टॉवेलात धरून पुन्हा टबात घातलं. माझ्या टॉवेलात. पहाटे कधीतरी तो मेला आणि आम्ही उठेपर्यंत कोमट पाण्यात आतड्यांसकट पडून राहिला. सकाळी पोट मऊ पडलेलं. चीर देताच पित्ताची पिशवी फुटली आणि हिरवं पाणी मांसावर पसरलं. मातकट होताच, आता कडूही झाला.

मासा पाण्यात ठेवून वास घालवता येतो, हे खोटं नाही. पण ते काम मासे पाळणाऱ्याचं. स्वच्छ, वाहतं, भरपूर हवा मिळणारं पाणी हवं आणि त्यात मासा उपाशीपोटी कित्येक दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे ठेवावा लागतो. चरबीत साठलेलं द्रव्य एका रात्रीत साठ लिटर पाण्यात कसं उतरणार? घरी करायचं ते एवढंच: मासा बाजारातच मारून, पोट साफ करून आणा आणि दोन तासांच्या आत पुढच्या कामाला लागा.

साफ करतानाच्या चुका भराभर सांगतो. कल्ले डोक्यासकट रश्शात जातात, ते काढा. पोटाच्या आतला काळा पापुद्रा नखाने किंवा खरखरीत कापडाने पुसून काढा. विक्रेता काढत नाही, त्याला वेळ नसतो. कण्याला चिकटलेलं गोठलेलं रक्त चमच्याच्या टोकाने खरवडा. वरचा बुळबुळीतपणा जाड मीठ आणि मूठभर बेसन चोळून धुवा. पंगास असेल तर कातडं आणि त्याखालची पिवळी चरबी सरळ टाकून द्या.

एका कामाचा मात्र लोक कंटाळा करतात. तुकडा आडवा धरून पाहिलात तर कातड्याखाली, बरोबर मध्यावर, एक तांबूस-काळसर पट्टी दिसते. ती आणि पोटाकडचा चरबीचा पातळ पदर, वास इथे सगळ्यात जास्त. मी धारदार सुरीने ती पट्टी खाचेसारखी कापून काढतो. दोन किलोच्या माशाला पंधरा मिनिटं लागतात. पोटाचा तुकडा, ज्याला बंगाली मंडळी पेटी म्हणून डोक्यावर घेतात, तो मी थंडीतल्या माशाचाच ठेवतो. आमच्या शेजारच्या बौदींना, म्हणजे बंगाली वहिनींना, हे पाप वाटतं. वाटू दे.

मग आंबट. मसाला वास झाकतो, फार तर चार घास. आंबट त्याला खरोखर धक्का देतं, कारण आम्लात जिओस्मिन मोडून त्याचं वास नसलेलं रूप होतं. पूर्ण नाही, पण जिभेला फरक कळण्याइतकं. माझी पद्धत: किलोभर तुकड्यांना दोन लिंबांचा रस आणि चमचाभर मीठ, वीस मिनिटं. नंतर धुऊन, निथळून, मग हळद-तिखट. लिंबू नसेल तर आंबट ताक अर्धा तास. सिरकाही चालतो, पण पाण्यात अर्धाअर्ध करून. काही जण दुधात भिजवतात. मी ताकाच्या बाजूचा माणूस. आणि "जास्त वेळ ठेवलं तर जास्त फायदा" म्हणून दोन तास लिंबात ठेवू नका. मांस पांढरं पडून पिठूळ होतं आणि तव्यावर कातडं एकीकडे, गर दुसरीकडे.

रश्शातही चिंच किंवा आमसूल हवंच. आमच्या मुंबईकडच्या नातेवाइकांची चूक इथे होते. ते पापलेटचा हात रोहूवर चालवतात: दाट नारळाचा रस, दोन मिरच्या, नावाला आमसूल. समुद्राच्या माशाला ते शोभतं. तळ्याचा मासा त्या पांढऱ्या, स्निग्ध रसात आपला सगळा वास सोडतो आणि अख्खं पातेलं तळं होतं, असा माझा अनुभव आहे. रोहूला मोहरी, लसूण, चिंच आणि आधी कडक तळलेला तुकडा लागतो. नारळ हवाच असेल तर भाजून, वाटून, थोडा.

पण हे सगळं करण्याआधी एक तुकडा चाखून बघा, ही माझी हट्टाची सवय. अमेरिकेत कॅटफिशचे तलाव आहेत, तिथे मासा काढण्याआधी नमुन्याच्या माशाचा शेपटीकडचा तुकडा काहीही न लावता मायक्रोवेव्हमध्ये शिजवून चाखणारी माणसं असतात. वास आला तर त्या तलावातली खेप थांबते. मी तेच वाटीत करतो. शेपटीजवळचा दोन बोटांचा तुकडा, मीठ नाही, हळद नाही, झाकण घालून चार मिनिटं वाफ. झाकण उघडताना नाक जवळ न्यायचं. पहिल्या वाफेत कळतं. काहीच नाही आलं तर कसाही करा. थोडा आला तर पट्टी काढा, लिंबू लावा, चिंचेचा रस्सा करा. ओल्या मडक्यासारखा भपकन आला तर रश्शाचा नाद सोडा. लोकांना ही चार मिनिटं जड जातात आणि नंतर तासभर मला फोनवर बोलायला वेळ असतो.

आणि रस्सा होऊन गेल्यावर कळलं तर? गरम मसाला ओतत बसू नका. त्या रविवारी घरात आठ माणसं जेवायला, आणि भाच्याने मी आंघोळीला गेलो असताना कतल्याला नारळाचा रस घालून ठेवला होता. मी तुकडे बाहेर काढले, कोमट पाण्यातून हलकेच काढून कातडं, काळी पट्टी आणि पित्त लागलेला भाग वेगळा केला, काटे वेचले. उरला असेल किलोभर गर. त्यात आलं, हिरवी मिरची, पुदिना, उकडलेला बटाटा आणि तीन लिंबांचा रस, रव्यात घोळवून कटलेट तळले. रस्सा मोरीत ओतला. भाचा पाच कटलेट खाऊन म्हणाला, "बघा मामा, टबाचा फायदा झालाच ना!"