नाइटगार्ड घालूनही जबडा दुखतोय? या चुका टाळा

"डॉक्टर, गार्ड सैल झालाय. उकळत्या पाण्यात टाकू का? व्हिडिओत तसंच दाखवलंय." आमच्या दातांच्या दवाखान्यात असा फोन अधूनमधून येतोच. गार्ड म्हणजे नाइटगार्ड, झोपेत दात खाणाऱ्यांनी रात्री दातांवर घालायचं कव्हर. काही जण तर आधी उकळतात आणि मग वाकडा झालेला गार्ड घेऊन येतात.

व्हिडिओ खोटा नसतो, पण तो वेगळ्या गार्डचा असतो. मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन जे तयार गार्ड मिळतात, ते गरम पाण्यात मऊ करून, चावून स्वतःच्या दातांवर बसवायचे असतात. तुमच्या दातांचं माप घेऊन लॅबमध्ये बनवलेला गार्ड मात्र आधीच तुमच्या दातांच्या आकाराचा असतो. गरम पाण्याने तो आकार बिघडला की घरी परत आणता येत नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत राहिलेल्या गार्डचीही तीच गत होते. सैल झाला, तर आहे तसा घेऊन या. कधी गार्डचा आकार बदललेला असतो, कधी दात हललेले असतात, आणि कुठलं कारण आहे ते तोंडात बघितल्याशिवाय कळत नाही.

"बरं वाटलं म्हणून बंद केला"

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. गार्ड झोपेत दात खाणं थांबवत नाही. त्या हालचालीचं मूळ मेंदूत आहे. झोप मध्येच क्षणभर हलकी होते, तेव्हा जबड्याचे स्नायू आवळतात आणि दात करकर घासले जातात. शेजारी झोपलेल्या माणसाला अडकित्त्याने सुपारी कातरल्यासारखा आवाज येतो, आणि ज्याचा जबडा चाललाय त्याला सकाळी कानशिलं जड वाटतात एवढंच. गार्डचं काम वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये बसून तो मार स्वतः खाण्याचं आणि जोर सगळ्या दातांवर वाटून देण्याचं.

म्हणून गार्डवर घासल्याच्या खुणा दिसल्या की "खराब निघाला" असं समजू नका. ती झीज तुमच्या इनॅमलची, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थराची झाली असती, आणि इनॅमल पुन्हा उगवत नाही.

काही आठवडे गार्ड बाजूला पडला की दात किंचित सरकू शकतात. मग तोच गार्ड घट्ट होतो आणि लोक दाबून, चावून तो बसवतात. असं करू नका. नव्या गार्डचा पहिल्या काही रात्रींचा ताण वेगळा, तो ओसरतो. लाळ जास्त सुटते, तीही आठवडाभरात कमी होते. पण गार्ड पूर्ण बसतच नसेल, किंवा एकाच दातावर ठणका लागत असेल, तर त्या रात्री घालू नका आणि दाखवून घ्या.

मऊ चांगला की कडक?

मऊ गार्ड स्वस्त असतो आणि घालायलाही सोपा वाटतो, म्हणून तोच मागितला जातो. हलकं दात खाणाऱ्याला तो चालतो. पण काही लोकांचा जबडा त्या मऊपणावर रात्रभर चघळत राहतो, आणि सकाळी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलेलं असतं. मऊ गार्डला काही महिन्यांतच भोकं पडली, तर तसलाच दुसरा घेण्याआधी थांबा. अशा जबड्याला बहुधा कडक ॲक्रिलिकचा, नाहीतर आतून मऊ आणि बाहेरून कडक असा दोन थरांचा गार्ड लागतो. कडक गार्ड महाग पडतो, पण नीट वापरला तर काही वर्षं टिकतो.

फक्त पुढच्या चार-सहा दातांवर बसणारे छोटे गार्डही मिळतात. ते स्वतःच्या मनाने घेऊन महिनोन्‌महिने वापरू नयेत. ज्या दातांना समोर टेकायला काही मिळत नाही ते हळूहळू हिरडीतून आणखी बाहेर येतात आणि चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर जुळण्याची ठेवण, बदलतो. शिवाय एवढीशी वस्तू झोपेत घशात जाण्याचा धोका असतो.

गार्ड आणला आणि पुन्हा दाखवलाच नाही

लॅबमधून आलेला गार्ड दातांवर बसला म्हणजे काम संपलं नाही. आम्ही खूण उमटवणारा निळा कागद मध्ये ठेवून चावायला सांगतो, कारण एका बाजूला जरा जरी उंचवटा राहिला तरी रात्रभराचा सगळा जोर तिथे पडतो. अशा वेळी त्याच बाजूचा सांधा, म्हणजे कानाच्या अगदी पुढची जागा, दुखू लागते. पेशंट म्हणतो, "गार्डने त्रास वाढला," आणि गार्ड कपाटात जातो. खरं तर तो दहा मिनिटांत घासून सारखा करता आला असता. नेलफाइलने किंवा सँडपेपरने घरी घासू नका. कुठे टेकतंय हे आरशात दिसत नाही.

सकाळी गार्ड काढल्यावर थोडा वेळ दात नेहमीसारखे जुळत नाहीत, हे साधारण आहे. चहा होईपर्यंत सगळं जागेवर यायला हवं. दुपारपर्यंतही चावा परका वाटत असेल, तर गार्ड तपासायलाच हवा.

दातावर नवी कॅप बसली किंवा मोठं फिलिंग झालं, की जुना गार्ड त्या दातावर अडतो. माझ्या एका पेशंटला मी दाढेवर कॅप बसवून दिली आणि गार्डचं विचारायचं राहून गेलं. गार्ड बसेना म्हणून बाईंनी तो तीन आठवडे घातलाच नाही, आणि नव्या कॅपचा कोपरा उडाला. ती चूक माझी होती. तेव्हापासून कॅपच्या पहिल्या अपॉइंटमेंटलाच गार्ड सोबत मागवतो. तुमचे डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा.

धुणं आणि ठेवणं

टूथपेस्टने घासू नका. तिच्यातल्या बारीक कणांनी ॲक्रिलिकवर ओरखडे उठतात आणि वास त्या ओरखड्यांत मुरतो. साधं पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरतो. अधूनमधून कवळी साफ करायच्या गोळीच्या पाण्यात पाकिटावर लिहिलेला वेळ ठेवून नंतर खळखळून धुवा. ब्लीच नको, अल्कोहोलवाला माउथवॉश नको. ओला गार्ड बंद डबीत ठेवला की बुळबुळीत थर धरतो, म्हणून भोकांची डबी घ्या. काही कडक गार्ड पाण्यात ठेवायचे असतात, ते गार्ड मिळेल त्याच दिवशी विचारून घ्या.

आणि टिश्यूत गुंडाळून उशाशी ठेवू नका. सकाळी आवरताना तो कचऱ्यात जातो. घरात कुत्रा असेल तर त्याच्या तोंडापासून लांब ठेवा, लाळेच्या वासाने तो बरोबर शोधून काढतो.

बदलायचा कधी?

तारीख बघून बदलायची ही वस्तू नाही. आरपार भोक, तडा, टोचणारी कड, धुऊनही न जाणारा वास, किंवा दातांवरून आपोआप सुटणं: यातलं काही दिसलं की बदला. नुसता पिवळेपणा हे कारण नाही. तुटलेला गार्ड बाजारातल्या गोंदाने चिकटवून तोंडात घालू नका. एक तर गोंद तोंडासाठी नसतो, दुसरं म्हणजे केसभर फरकाने जोडला तरी चावा चुकतो. जुन्या साच्यावरून नवा बनवून मागण्याआधी दात तेच आहेत ना, हे तपासून घ्या.

गार्ड ठीक आहे, तरी दुखतंय

मग कारण गार्डबाहेर शोधा. खूप जण दिवसाही दात आवळून बसतात: स्क्रीनसमोर, ट्रॅफिकमध्ये, सुई ओवताना. चावताना आणि गिळताना सोडलं तर दिवसा दातांना दात लागायचं कारणच नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला हलकी टेकलेली, एवढं दिवसातून अनेकदा आठवून पाहा. रात्री उशिराची कॉफी, दारू आणि तंबाखू यांनी झोपेतलं दात खाणं वाढतं. नैराश्य-चिंतेवरच्या काही गोळ्यांनीही ते सुरू होतं. अशा वेळी गोळी स्वतःहून थांबवू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडखळणं आणि दिवसभर पेंग असेल, तर आधी झोपेची तपासणी करून घ्या. काहींच्या बाबतीत साध्या गार्डने श्वासाचा त्रास वाढू शकतो.

लहान मूल दात खातंय म्हणून "जंत झालेत" असं धरून औषध देऊ नका, आणि गार्डही मागू नका. त्याचे दात आणि जबडा वाढत असतात, आणि बहुतेक मुलांचं हे आपोआप सुटतं. दात दुखत किंवा फार झिजत असतील तर दाखवा.

तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावत नसतील किंवा जबडा अचानक अडकला असेल, तर पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच या. आणि जबड्याचं दुखणं चालताना, जिना चढताना येत असेल किंवा त्याबरोबर छातीत दडपण, घाम, दम लागणं असेल, तर दातांच्या दवाखान्यात येऊ नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. ते दुखणं हृदयाचं असू शकतं.