स्काउटिंगमधून मूल्यं शिकवताना या चुका टाळा

राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिरात परीक्षक आमच्या पथकातल्या एका मुलाचं लॉगबुक चाळत होते. रोजच्या सत्कृत्याच्या रकान्यात आठवड्यातून तीनदा तरी एकच नोंद होती: ‘आज एका वृद्ध आजोबांना रस्ता ओलांडायला मदत केली.’ परीक्षकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “बाळ, तुझ्या गावात रस्ते किती?”

पोरगं खरं बोललं. “एकच आहे सर. सकाळ-संध्याकाळ एसटी येते त्याच्यावरनं.”

सगळे हसले. मला हसू येईना, कारण ती वही शिबिराआधीच्या चार रात्रींत मीच समोर बसून भरून घेतली होती. एकाच निळ्या पेनाने सहा महिने, दिवाळीची सुट्टी धरून. पाच मिनिटांपूर्वी त्याच मुलाला नियम विचारले होते आणि ‘स्काउट विश्वसनीय असतो’ हा पहिला नियम त्याने घडाघडा म्हणून दाखवला होता.

चौदा वर्षं शाळेत स्काउटचं पथक चालवतोय. खाली ज्या चुका लिहितोय त्यातल्या बहुतेक माझ्या हातून झाल्यात. उरलेल्या शेजारच्या तंबूत पाहिल्यात.

वही आदल्या रात्री भरून घेणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हिच्याबद्दल. प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान आणि मग राज्य पुरस्कार अशी शिडी आहे. प्रत्येक पायरीला नोंदी लागतात, सह्या लागतात. वर दहावीच्या सवलतीच्या गुणांचं आमिष असतं. त्यामुळे जून ते डिसेंबर कोणी वहीकडे बघत नाही आणि जानेवारीत पोरं घाऊक भावात सत्कृत्यं पाडतात. पालक बाजूला बसून मजकूर सांगतात. “मागची तारीख टाकू का सर?” असं एखादा भाबडेपणाने विचारतो आणि आपण “टाक” म्हणतो. या एका शब्दात वर्षभराचं शिकवणं वाहून जातं.

मुळात रोजच्या सत्कृत्याची युक्ती साधी होती. स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी मुलांना सुचवलं होतं, गळ्यातल्या टायला गाठ मारून ठेवा, म्हणजे आज कोणाचं तरी काम करायचंय याची आठवण राहील. त्यात दाखवण्यापेक्षा स्वतःला आठवण करून देण्याचा भाग होता.

मी दोन गोष्टी बदलल्या. वहीत रिकामी तारीख चालेल, असं पथकाला स्पष्ट सांगितलं. आणि सही दर शनिवारी, त्या आठवड्याचीच. मागचं पान राहिलं तर राहिलं. पहिल्या महिन्यात एका मुलाने लिहिलं, ‘आज काही नाही. पाऊस होता.’ दुसऱ्या दिवशी, ‘आज्जीच्या सुईत दोरा ओवला. तीनदा.’ त्या ‘तीनदा’वर माझा डोळे मिटून विश्वास बसला.

त्या वर्षी आमची दोन मुलं पुरस्कारासाठी बसू शकली नाहीत, नोंदी पुऱ्या झाल्या नव्हत्या. एका वडिलांनी शाळेत येऊन बरंच ऐकवलं. मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, यात तुम्ही सांगाल ती तारीख घालतो, फक्त तुम्ही त्याच्यासमोर सांगा. ते गप्प झाले. रागावलेले मात्र राहिलेच, पुढे वर्षभर.

नियम म्हणजे पाढे

भारत स्काउट्स आणि गाईड्सचे नियम नऊ आहेत. विश्वसनीय, निष्ठावान, सर्वांचा मित्र, विनयशील, प्राणिमात्रांचा मित्र असं करत काटकसरी आणि काया-वाचा-मनाने शुद्ध इथपर्यंत. नऊच्या नऊ एका तासिकेत फळ्यावर लिहून ‘उद्या पाठ करून या’ म्हटलं की विषय संपतो. कबच्या, म्हणजे स्काउटच्या आधीच्या गटातल्या लहान पोरांना तर दोनच नियम आहेत, मोठ्यांचा मान राखणं आणि स्वच्छ व विनयशील राहणं. कोणीतरी विचार करून ते दोन ठेवलेत. तरी उत्साही बाई त्यांना मोठ्यांचे नऊ शिकवतात.

महिन्याला एक नियम घ्या आणि तो एका कामाला बांधा. काटकसर शिकवायची तर संघाला, म्हणजे पथकातल्या मुलांच्या छोट्या गटाला, शिबिराच्या शिध्याचा हिशेब करायला द्या. तीन दिवसांना तेल किती लागेल हे त्यांनाच काढू दे. सार्वजनिक मालमत्तेचा नियम असेल तर वर्गातलं एक मोडकं बाक दुरुस्त करायला घ्या. बोधकथा सांगायला मलाही आवडतात, पण शेवटी ‘यातून काय शिकलो?’ विचारलं की पोरांना हवं ते उत्तर आधीच ठाऊक असतं.

जाता जाता एक. स्काउटच्या प्रतिज्ञेत ‘ईश्वर’ शब्दाच्या जागी हवं तर ‘धर्म’ म्हणता येतं, ही सोय मूळ प्रतिज्ञेतच आहे. एखाद्या घरातून शंका आली तर वाद न घालता हे सांगावं. पुष्कळ शिक्षकांनाच ते माहीत नसतं.

खरी कमाई, आईच्या हातची

खरी कमाई हा स्काउटिंगमधला माझा सर्वांत लाडका उपक्रम आणि आपण सर्वांत जास्त वाट लावलेला. मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने चार पैसे मिळवावेत, काम लहान-मोठं नसतं हे त्याच्या हाताला कळावं, एवढाच त्याचा अर्थ.

होतं काय, तर शाळेच्या मैदानात स्टॉल लागतात. भेळ, वडापाव, आप्पे, कोकम सरबत. पहाटे चारला उठून आई बटाटे उकडते, बाबा स्कूटरवरून पातेली आणतात, मुलगा टोपी-स्कार्फ घालून मागे उभा राहून पैसे घेतो. विकत घेणारे कोण? दुसऱ्या मुलांचे आईबाबा. संध्याकाळी जमा झालेली रक्कम सूचनाफलकावर लागते आणि ज्याचे बाबा जास्त मित्र घेऊन आले तो पहिला येतो. काही ठिकाणी याहून सोपं करतात: प्रत्येकी अमुक रुपये घरून आणा, कार्डावर सही घ्या. मग नावातलं ‘खरी’ही गेलं आणि ‘कमाई’ही.

आमच्याकडे आता स्टॉल नाही. मुलं दोघादोघांच्या जोडीने ओळखीच्या घरी, दुकानात जातात, काय काम आहे विचारतात. आधी मी त्या दुकानदारांना भेटून येतो. तीन अटी सांगतो: काम खरं असावं, धोक्याचं नसावं आणि नीट झालं नाही तर पैसे देऊ नयेत. तिसरी अट ऐकून ते बिचकतात. लहान पोराला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? तीच अट मोलाची आहे.

सहावीतला एक मुलगा किराणा दुकानात गूळ-साखरेची रिकामी पोती झटकून घड्या घालायला गेला. पहिल्या खेपेला मालकाने घड्या उलगडून टाकल्या. “परत घाल.” दोन तासांनी वीस रुपये मिळाले. शाळेत आला तेव्हा केसांत तागाच्या कुसळ्या आणि बोटं चिकट. ती नोट त्याने कार्डात ठेवायला दिली, पण दोनदा मागून घेऊन बघितली. घरी रोज पन्नास रुपये खाऊला मिळणारं पोर होतं ते.

भात मास्तरांनी शिजवणं

संघपद्धती हा स्काउटिंगचा कणा. 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर जे पहिलं प्रायोगिक शिबिर झालं, त्यात जेमतेम वीसेक मुलं होती. काही बड्या शाळांतली, काही गावातल्या कामकरी घरांतली. त्यांची सरमिसळ करून चार संघ केले, लांडगा, बैल, डोमकावळा आणि कुरल्यू पक्ष्याच्या नावाचे, आणि प्रत्येक संघावर एक मुलगाच नायक. मोठ्यांनी थेट सगळ्यांना हाकायचं नाही, हे पहिल्या दिवसापासून होतं.

आपल्याकडे संघनायक म्हणजे वर्गाचा मॉनिटर. पहिला नंबरवाला, शिक्षकांचा लाडका, शिट्टी वाजली की रांग लावणारा. निर्णय एकही नाही. शिबिरात मेनू मास्तर ठरवणार, लाकडं शिपाई आणणार.

एका शिबिरात गरुड संघाने तीन दगडांच्या चुलीवर भात टाकला. लाकूड ओलं, धूर डोळ्यांत, आणि नायकाने झाकण दर दोन मिनिटांनी उघडून बघायचा सपाटा लावलेला. मला लांबून दिसत होतं हा भात होणार नाही. हात शिवशिवत होते. एक निखारा सारला असता, झाकणावर पाणी ठेवलं असतं तर निभावलं असतं. मी झाडाखाली बसून राहिलो. त्यांनी टचटचीत भात आमटीत बुडवून खाल्ला, अर्धे चिडले, एकजण रडला. रात्री नायकाने शेजारच्या वाघ संघाच्या चुलीपाशी जाऊन विचारलं, “तुमचा कसा काय झाला रे?” दुसऱ्याला विचारायला जाणं या पोराला वर्षभर जमलं नव्हतं.

अर्थात, धोका असेल तिथे झाडाखाली बसायचं नसतं. पाणी, आग, सुरी, उंच कडा इथे मोठ्यांनी मधे पडायचंच. चूक होऊ द्यायची ती फार तर पोट बिघडवणारी.

‘सर्वांचा मित्र’ आणि वेगळ्या पंगती

संघ पाडताना मुलं आपापल्या आळीची, वस्तीची टोळकी करतात. सोपं पडतं म्हणून आपण तसंच राहू देतो. भारतात 1909 मध्ये स्काउटिंग आलं तेव्हा ते फक्त युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होतं. आपल्या मुलांना दार बंद. म्हणून अॅनी बेझंट यांनी 1916 मध्ये मद्रासेत भारतीय मुलांची वेगळी संघटना काढली, पुढे मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काउट उभे केले. स्काउटांच्या संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स व्हायला 7 नोव्हेंबर 1950 उजाडला. प्रत्येक स्काउट दुसऱ्या स्काउटचा भाऊ, असं म्हणत दार बंद ठेवणारे लोक तेव्हाही होते. त्यामुळे शिबिरात डब्यांच्या वाटण्या कशा होतात, कोण कोणाच्या शेजारी झोपतो, इकडे लक्ष असू द्या. व्याख्यान नको. संघ मी पाडतो आणि भांडी घासायच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून.

सेवेची शिक्षा करणं

उशिरा आलास? मैदान झाड. गणवेश नाही? संडास धू. आठवडाभराने त्याच मुलाला आपण सेवेचं महत्त्व सांगतो. त्याने काय समजायचं? शिक्षा वेगळी ठेवा आणि मैदान झाडायला आधी स्वतः खराटा उचला.

फोटोसाठीची सेवा याचीच बहीण. एका ठिकाणी दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात झाड लागतं. खड्डा आता छान मोठा झालाय.

‘आपलेच सर आहेत’

यात गंमत नाही. एक मोठा माणूस आणि एक मूल असे एकटे कधीच राहायचं नाही. तंबूत नाही, हाईकवर नाही, गाडीवरून घरी सोडतानाही नाही. शिबिरात किमान दोन मोठी माणसं, गाईड, म्हणजे मुली, असतील तर त्यांच्या शिक्षिका, गाईड कॅप्टन, हव्यातच. आणि आज्ञाधारकपणा शिकवताना ‘सर म्हणतील ते’ असं कधी शिकवू नये. मोठ्यांना नाही म्हणता येणं हेही धैर्याच्याच नियमात येतं.

चोरी झाली तर

हा प्रश्न मला नवे शिक्षक हमखास विचारतात. शिबिरात एका संघाच्या डब्यातले दीडशे रुपये गेले. डबा ज्याच्याकडे होता त्यानेच घेतले, हे पोरांना दुपारपर्यंत कळलं होतं. माझ्या मनात आलं ते नेहमीचंच: पालकांना फोन, स्कार्फ काढून घेणं, सगळ्यांसमोर उभं करणं.

पण संघनायकांची बैठक असते, कोर्ट ऑफ ऑनर. एरवी आपण ती कागदोपत्री घेतो. त्या रात्री खरी घेतली. मी बसलो, बोललो नाही. चौघांनी तासभर डोकं लावलं. एकजण म्हणाला काढून टाका. दुसरा म्हणाला, काढलं तर हा पैसे कसे फेडणार? शेवटी ठरलं ते मला सुचलं नसतं: पैसे तो पुढच्या खऱ्या कमाईतून भरेल, आणि डबा त्याच्याकडेच राहील, फक्त रोज रात्री उपसंघनायक सोबत मोजायला बसेल. शाळेत कोणी बोलायचं नाही, असंही त्यांनीच घातलं. मी मुख्याध्यापकांना आणि त्याच्या आईला मात्र कळवलं, ते माझं काम होतं, आणि कळवणार हे त्याला आधी सांगितलं.

शेवटच्या दिवशी तंबू उतरवून झाल्यावर त्याने संघापुढे हिशेब वाचला. आवाज लागत नव्हता. कांदे, रॉकेल, मीठ, बसभाडं. मग थांबला. दोन रुपये कमी भरत होते. कोणी काही बोलेना. त्याने वहीत पुन्हा वरपासून बेरीज सुरू केली, तेवढ्यात उपसंघनायक म्हणाला, “अरे, ते चहावाल्याकडे राहिलेत. सुट्टे नव्हते त्याच्याकडे.”